ओट्याच्या उंचीचं टेबल

लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात निवांत बसायला माझी म्हणून जागा नव्हती. माझी जागा उभं राहायची, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. चहासुद्धा मी तिथंच उभ्यानं प्यायची. म्हणून चंदगडला माहेरी वाऱ्यानं फणसाचं झाड पडलं आणि भावानं त्याच्या फळ्या पाडून पाठवल्या, तेव्हा मी घरात जाहीर केलं, याचं मी माझ्यासाठी टेबल करणार. स्वतः करणार.

"अगं, सुताराचं काम हाय त्ये," नवरा म्हणाला.

"बायामाणसानं करवत धरल्याली मी तर बघितली न्हाय बाई," सासूबाई म्हणाल्या.

"मग आता बघा की!"

गच्चीवर पसारा मांडला. मोबाइलवर बघून करवत धरली, रंधा मारला. सुरुवातीला रंधा फळीवर कमी आणि माझ्या बोटांवर जास्त चालला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून फुकटचे सल्ले येत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणायला नको म्हणून मी वाकडा सांधा उकलायची आणि पुन्हा बसवायची. हट्टालाच पेटले होते.

उंचीचं मात्र कुणाला विचारलं नाही, मोबाइललाही नाही. उभी राहिले, सवयीनं हात जिथं टेकतो तिथं खूण केली आणि त्या मापाचे पाय कापले. टेबल उभं राहिलं, जरासुद्धा हललं नाही. मी ऐटीत खुर्ची ओढून बसले, तर टेबल छातीपर्यंत आलं. त्यावर हात ठेवले की खांदे कानाला लागत होते. माहेरच्या फणसाचा, माझ्याच हातांनी, मी दुसरा ओटा करून ठेवला होता.

नवरा आधी हसला. मग त्यानं टेबलावर थाप मारून बघितली. "झ्याक झालंय की! स्वयंपाकघरात ठिऊया. मिक्सर ऱ्हाईल, चपात्या लाटाय बी हुतील." तो मनापासून कौतुक करत होता आणि त्याचाच मला जास्त राग आला. टोमणा असता तर परतवला असता.

मी टेबल उलटं केलं आणि करवत उचलली.

"अगं, चांगलं झाल्यालं कशाला मोडतीस?"

"कुणाला उभ्यानं वापरता येऊ नये म्हणून!"

टेबलाचा पाय हलत होता, करवत घसरत होती. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी तो पाय गच्च धरला. "काप," एवढंच म्हणाल्या.

टेबल आता थोडं डुगडुगतं. डुगडुगू दे. ते मी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मांडलं. नवऱ्यानं लगेच त्यावर भाजीची पिशवी ठेवली, ती उचलून त्याच्याच हातात दिली. मग बसले. सासूबाईंनीही खुर्ची ओढली आणि कोपरं टेकवून ऐसपैस बसल्या. सवयीनं मी चहा टाकायला उठणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आरं," पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "चा ठेव की. आमी दोघी बसलोय."