स्टोअरमधली गौतमी

गौतमी पहिल्यांदा आमच्या स्टोअरमध्ये आली तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो होतो.

२००८ सालची गोष्ट. सणसवाडीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी होती आणि मी तिथं स्टोअरकीपर. मी न्हावऱ्याचा, हौसराव. आमचा आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचा. तीनशे मेंढरं तो तोंडावरून ओळखायचा, मोजायची त्याला गरजच पडत नसे. माझं स्टोअर मी तसंच सांभाळत होतो. कुठल्या रॅकवर कुठलं बेअरिंग आहे, ते डोळे झाकून सांगायचो. आणि मग साहेबांनी मला कॉम्प्युटर दिला.

मला काही तो चालवता येईना. म्हणून ठेकेदारानं ऑपरेटर म्हणून एक पोरगी पाठवली. वीस वर्षांची, बारीक अंगाची, केसांची घट्ट वेणी. बारावी, टायपिंग आणि सरकारी कॉम्प्युटर कोर्स एवढं शिक्षण, आणि पगार महिना बेचाळीसशे. मी आलेल्या मालाच्या चलनांचा गठ्ठा तिच्यापुढं टाकला आणि म्हणालो, "हे बघायचं आन् टाइप करायचं."

तिनं पहिलंच चलन उचललं आणि विचारलं, "मामा, सर्क्लिप म्हंजी काय? दाखवता का?"

"टाइप करायला बघायला कशाला लागतंय?"

"न बघता टाकलं, तर चुकलं कुठं ते कळायचं कसं?"

मी कुरकुरत तिला रॅकपाशी नेलं आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी ती पोलादी कडी तिच्या हातात दिली. त्यानंतर रोज एक-दोन वस्तू ती मला विचारायचीच. सहा महिन्यांत तिला निम्मं स्टोअर पाठ झालं. एका जाड वहीत ती वस्तूचं नाव, तिचं काम आणि वापरणारा कोण, हे सगळं लिहून ठेवायची.

ते दिवस आता आठवले की पहिल्यांदा नाकात वास येतो. ग्रीसचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि दुपारी उघडलेल्या डब्यांचा. गौतमी शिरूरहून एसटीनं यायची. तिचे वडील बन्सीभाऊ एसटीच्या डेपोत टायरच्या कामावर होते आणि आई भागुबाई कांद्याच्या वखारीत निवडायला जायची. भागुबाईच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा गौतमी डब्यात आणायची. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी असायची. आम्ही दोघं, फोर्कलिफ्टवाला बिहारी रामप्रवेश आणि पॅकिंगच्या दोन बाया, असे पाच जण पुठ्ठ्यांवर गोल बसून जेवायचो. रामप्रवेश ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि तरी परत मागायचा. जेवण झालं की गौतमी पदवीची पुस्तकं काढायची. मुक्त विद्यापीठातून ती बी. कॉम. करत होती.

२०१२ साली मालकांनी ठरवलं, की सगळा कारखाना एकाच नव्या सॉफ्टवेअरवर आणायचा. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, सगळं एका ठिकाणी. त्यासाठी पुण्यात खराडीला ऑफिस असलेल्या एका आयटी कंपनीची माणसं आली. तीन तरणे इंजिनिअर आणि त्यांच्या प्रमुख मेहेंदळे मॅडम. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली.

चाचणीच्या दिवशी सगळे साहेब स्क्रीनभोवती उभे राहिले. स्क्रीनवर आलं, बारा एमएमचे बोल्ट शिल्लक, उणे एकशेसाठ.

"उणे बोल्ट कसे असतील?" प्लांट हेड ओरडले. रॅकवर तर पेटी भरलेली दिसत होती.

इंजिनिअर दोन दिवस प्रोग्राम तपासत बसले. तिसऱ्या दिवशी गौतमी चहा प्यायचा सोडून त्यांच्यापाशी गेली.

"मॅडम, प्रोग्राम बरोबर हाय. आपलं चुकतंय. बोल्ट किलोनं येतात आन् आम्ही नगावर देतो. चाळीस किलो आले, मशीननं चाळीस नग धरले. आम्ही दिले दोनशे."

मॅडमनी विचारलं, "मग एका किलोत किती बोल्ट बसतात?"

"बाराचे अठरा. आठाचे, दहाचे बी लिहिलेत." आणि तिनं वही पुढं केली. एकेक माप तिनं रिकाम्या वेळात वजनकाट्यावर टाकून काढलेलं होतं. ते कधी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मॅडम ती वही किती तरी वेळ चाळत राहिल्या. पुढचे तीन महिने गौतमी त्यांच्या टीमबरोबर बसली. ऑईल सील, रबर सील आणि काळी रिंग ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत, असलं सगळं तिनं निस्तरलं. काम पुरं झालं आणि निघायच्या दिवशी कँटीनमध्ये मॅडम तिला म्हणाल्या, "आमच्याकडे येशील का? अठरा हजार देऊ."

तोवर तिला साडेसात हजार होते.

त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं, "मामा, काय करू?"

आणि मी म्हणालो, "नको जाऊ. तिथं सगळी इंजिनिअरं. तुला कोण इचारतंय?"

हे मी तिच्या काळजीपोटी बोललो असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नव्हतं. ती गेली तर त्या मशीनपुढं मी एकटा पडणार होतो, म्हणून मी तसं बोललो. पुढं एकदा हुरड्याला ती आमच्या रानात आली, तेव्हा आगटीपाशी बसून मी तिला हे कबूल केलं. ती हसली. म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, मामा."

घरी बन्सीभाऊंचंही तेच होतं. "एसटीत माणूस चिकटला की चिकटला. तिकडं सकाळी हाय आन् संध्याकाळी न्हाई." पण भागुबाईनं त्यांना गप्प केलं. "भ्या तुमाला वाटतंय. तिनं का थांबायचं?"

गौतमी गेली. चंदननगरला तिघींत एक खोली घेतली. पहिलं वर्षभर मीटिंगमध्ये ती तोंडच उघडायची नाही. सगळं इंग्रजीत चालायचं. बोलायची वाक्यं ती आदल्या दिवशी लिहून काढायची आणि आरशापुढं म्हणायची. कारखान्यांतल्या स्टोअरच्या माणसांशी बोलायचं असलं की मात्र तिलाच पुढं करायचे.

तिसऱ्या वर्षी प्रिंटरवर एक कागद पडलेला तिला दिसला. ज्या नव्या इंजिनिअरला ती काम शिकवत होती, त्याच्या पगाराची स्लिप. चौतीस हजार. तिला तेव्हा बावीस. ती सरळ मेहेंदळे मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

मॅडम ओशाळल्या. म्हणाल्या, "गौतमी, काम तुझंच चांगलं आहे. पण एचआरचा तक्ता इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर चालतो. माझ्या हातात नाही."

ती भांडली नाही. पदवी पुरी झाली होतीच. त्या सॉफ्टवेअरची जगभर चालणारी एक परीक्षा असते, तिचा अभ्यास तिनं सुरू केला. पहिल्यांदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि दोन महिन्यांत कंपनी बदलली. वर्षाला साडेसहा लाख. मला फोन करून म्हणाली, "मामा, हितली रीतच अशी हाय. एका जागी इमानानं बसलं तर पगार इंच इंच वाढतो. सोडून गेलं की फुटानं वाढतो." मी एकाच कंपनीत एकतीस वर्षं काढली होती.

करोनात ती शिरूरला आली आणि घरूनच काम करू लागली. मी त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त झालो होतो. तिच्या खोलीतून कधी जर्मनीची माणसं बोलायची, कधी चेन्नईची, आणि बाहेर भागुबाई लसूण सोलत बसलेली. त्या दोन वर्षांत आयटीत एकमेकांची माणसं पळवायची एवढी चढाओढ लागली, की गौतमीला आठवड्याला दोन-दोन फोन यायचे. अखेर मोठ्या कंपनीत तिचा पगार एकोणीस लाखांवर गेला.

आणि २०२४च्या दिवाळीनंतर ती नोकरी गेली.

जानेवारीत ती स्कूटरवरून न्हावऱ्याला आली, तेव्हा तिनं मला सांगितलं. "बारा मिनिटांची मीटिंग, मामा. चौदा जणांना एकदम घेतलं व्हतं. ज्या बाई बोलत व्हत्या त्यांचं नाव बी मला ठाऊक न्हवतं. लॅपटॉप कुरिअरनं पाठवा म्हणाल्या."

मी तिला उसाच्या बांधावरून फिरवून आणलं, बस्स.

पुढं चार महिने ती मुलाखती देत राहिली. सव्वीस मुलाखती. कुणी म्हणे, आता हे काम एआय करतं, दहाच्या जागी चार माणसं पुरतात. कुणी म्हणे, तुमचा आधीचा पगार फार आहे. ती म्हणाली, कमी घेते, तर म्हणाले, मग तुम्ही टिकणार नाही. एका मुलाखतीत तर समोर माणूसच नव्हता. मशीनच प्रश्न विचारायचं आणि ही कॅमेऱ्याकडं बघून उत्तरं द्यायची. मधेच भागुबाई चहा घेऊन आत आली, तर मशीन म्हणालं, खोलीत दुसरी व्यक्ती आहे. परत न्हावऱ्याला आली तेव्हा हे सांगताना गौतमी हसत होती, पण नंतर बराच वेळ नखानं स्कूटरच्या सीटवरची माती खरवडत राहिली.

"तुमचा काळ बरा व्हता, मामा," ती म्हणाली.

"बरा कसला? तुला बेचाळीसशे मिळत व्हतं."

"व्हय. पर जेवायला पाच जण व्हतो."

मे महिन्यात तिनं आयटी कंपन्यांना अर्ज करायचंच सोडलं. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची यादी केली आणि तिथल्या प्लांट हेडना एकेक पत्र लिहिलं, की तुमचं सॉफ्टवेअर मी तुमच्या माणसांना शिकवून चालतं करीन. नऊ पत्रांतून दोन उत्तरं आली. एका मध्यम कारखान्यात आयटी विभागाची प्रमुख म्हणून तिला घेतलं. वर्षाला साडेअकरा लाख.

जूनमध्ये रुजू झाली त्या आठवड्यातल्या रविवारी मी शिरूरला त्यांच्या घरी गेलो होतो. बन्सीभाऊ आता थकलेत, पण ऐकू नीट येतं. ते म्हणाले, "हौसराव, ही म्हंती पगार कमी झाला. कमी म्हंजी किती?"

गौतमीनं आकडा सांगितला. बन्सीभाऊ हिशेब करत बसले. एसटीतून ते निवृत्त झाले तेव्हाचा पगार त्यांनी मनातल्या मनात बारांनी गुणला असावा.

"एवढा असून कमी? मग आधी किती व्हता?"

तिनं आईकडं बघितलं. भागुबाईनं मान हलवली, सांग. गौतमीनं सांगितलं, एकोणीस लाख. इतकी वर्षं घरात तो आकडा फक्त या दोघींनाच माहीत होता.

बन्सीभाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, त्यांना लागलं. मग ते एकदम गदगदा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"बरं झालं न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "मी डेपोतल्या एकेकाला गाठून सांगितलं असतं. आन् नोकरी गेली तवा तोंड लपवीत फिरलो असतो."

भागुबाई म्हणाली, "म्हणूनच न्हाई सांगितलं." आणि ती आत पोळ्या टाकायला गेली. गौतमी तिच्या मागोमाग उठली. सोमवारी सकाळी साडेसातची गाडी होती तिची, त्याआधी तिला कपड्यांना इस्त्री करायची होती.