गॅरेजचा फ्यूज कोणी काढला?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारची करमणूक म्हणूनच वाचले... त्यामुळे स्वतःचा लिहिताना लाज वाटतेय.

आमचं घर कर्वेनगरला, बैठं, शेजारी गॅरेज. उंदरांनी तिथल्या वायरी कुरतडल्या होत्या. लेकीची ई-स्कूटर तिथेच चार्ज होते, म्हणून ह्यांनी ठरवलं – नव्या वायरी प्लास्टिकच्या पाइपातून न्यायच्या, आणि स्वतःच. इलेक्ट्रिशियन बोलावण्यात ह्यांना कमीपणा वाटतो.

सासरे कारखान्यात वायरमन होते, गेल्या वर्षी गेले. मेन स्विच बंद केला तरी ते फ्यूज काढून खिशात ठेवायचे, मगच वायरीला हात लावायचे. ह्यांना ते अति वाटायचं.

त्या रविवारी सकाळी शिडी काढताना मी गॅरेजचा दिवा लावला. तो लागला होता, पक्कं आठवतंय. मग ह्यांनी मेन बंद केला. घरात आम्ही दोघंच. लेक कात्रजला मैत्रिणीकडे.

तासाभराने चटणी वाटायला घेतली, तर मिक्सर लागेना. पॅसेजमधल्या बोर्डाकडे गेले, मेन खाली दिसला आणि सवयीने वर केला. परत येऊन मिक्सर सुरू केला... आणि मग आठवलं.

धावत गेले. हे शिडीवर, दोन्ही हातांत उघड्या तारा, वर गाणं गुणगुणणं चालू.

"धापा काय टाकतेस?"

"अहो, चहा टाकू का?" एवढंच तोंडातून निघालं. मागे वळले आणि मेन बंद केला.

काम संपवून ह्यांनी मेन लावला. घरात लाइट आले, गॅरेजमध्ये नाही. बोर्डात गॅरेजचा फ्यूजच नव्हता. शोधाशोध केल्यावर सापडला तो सासऱ्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात – ते गेल्यापासून तो शर्ट गॅरेजमध्ये खुंटीवर तसाच आहे.

हे हसले. "बाबांची शिस्त तू बरी पाळलीस. निदान सांगायचंस तरी."

मी होकारार्थी मान डोलावली.

मी बोर्डातल्या फ्यूजला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. हे मात्र येईल-जाईल त्याला सांगतात, चुकून कोणी मेन लावला असता, तरी बायकोमुळे वाचलो असतो. मी खाली मान घालून चहा देते. मेन मी लावला होता, हे अजून ह्यांना सांगता आलेलं नाही.