त्रेसष्ट नंबरचं पाकीट

हॉस्पिटलात त्यांना सगळेच मामा म्हणत. डॉक्टर म्हणत, आया म्हणत, लिफ्टवालाही म्हणे, आणि लिफ्टवाला तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. मामांची हरकत नव्हती. "एखाद्याचा मामा करायला लोकांना केवढी खटपट करावी लागते," ते म्हणत, "मी आपला तयारच आलोय."

बावीस वर्षं त्यांनी औषधांच्या स्टोअरमध्ये काढली. मुदत संपलेली बाटली त्यांच्या नजरेतून सुटली, असं एकदाही घडलं नाही. "फक्त स्वतःची मुदत कधी संपली ते निरोपसमारंभ झाला तेव्हा कळलं," असं ते सांगत. घरी बसून आठ दिवसांत त्यांनी मसाल्याच्या डब्यांवर तारखा चिकटवल्या, तेव्हा बायकोने हात जोडले आणि संशोधन विभागाच्या मॅडमना स्वतः फोन केला. मॅडमना असा माणूस हवा होता जो नको तिथे डोकं चालवणार नाही. मामांनी छातीवर हात ठेवून बावीस वर्षांचा अनुभव सांगितला.

काम मोठं नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्याला दोन कप्पे, आणि कप्प्यांत नंबर टाकलेली बंद पाकिटं. वरचा कप्पा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासाचा, खालचा अत्यवस्थ मोठ्या माणसांच्या. "वर जगात लवकर आलेले, खाली लवकर निघालेले," नव्या डॉक्टरांना मामा ओळख करून देत, "आणि मधे चावी घेऊन मी. ना वेळेवर आलो, ना वेळेवर निघालो."

बाळांचा अभ्यास दुधाचा होता. दोन महिने आधी जन्मलेल्या जिवाला दूध नळीने द्यावं लागतं. ते रोज भराभर वाढवावं की दमादमाने, यावर डॉक्टरांत दोन तट होते. भराभर वाढवलं तर नाजूक आतडी सुजायची भीती. दमाने घेतलं तर सलाईन जास्त दिवस चालू ठेवावं लागतं आणि त्या वाटेने जंतू शिरायची भीती. म्हणून ठरवायचं पाकिटाने. आईबापांनी सही केली की वॉर्डातून फोन येई. मामा ओळीतलं पुढचं पाकीट काढत, फाडत आणि आतल्या चिठ्ठीवरचा एकच शब्द फोनवर वाचत: 'लवकर' किंवा 'हळू'. पाकिटात काय आहे ते उघडेपर्यंत कोणालाही कळता कामा नये आणि नंबर मागेपुढे होता कामा नये. सगळा अभ्यास या दोन खुंट्यांवर टांगलेला.

सहीच्या आधी आईबापांना समजावायचं कामही मामांकडेच असे. तोंड मोठं गंभीर करून ते सांगत, "यातलं कुठलं बरं, ते आम्हालाही ठाऊक नाही हो. ठाऊक असतं तर तेच नसतं का केलं?" सही केलेल्या आणि न केलेल्या मिळून दीडशे आईबापांना त्यांनी हे सांगितलं. आणि दीडशे वेळा खोटं सांगितलं, कारण मामांना ठाऊक होतं. 'हळू'च बरं. एवढासा जीव, कसली घाई? चिठ्ठी 'हळू' निघाली की त्यांचा आवाज फोनवर खुले, आणि 'लवकर' निघाली की वॉर्डातली मोठी सिस्टर विचारी, "काय हो मामा, सर्दी झालीय का?"

अशात मामांची भाची अडली.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. ही बहीण साठी उलटलेल्या मामांना अजूनही "स्वेटर घातलास का?" असं विचारणारी. आठवा महिना लागायच्या आतच भाचीला कळा सुरू झाल्या आणि सकाळी मुलगी झाली. वजन बाराशे ग्रॅम. भाचीने कागद नीट वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. मॅडमनी मामांना बोलावून सांगितलं, "बाळ तुमच्या नात्यातलं आहे. आज चावी मोठ्या सिस्टरकडे द्या. पाकीट ती काढेल."

"हो, देतो," मामा म्हणाले. द्यायला निघालेही होते. पण जिन्याखाली ताई उभी.

"तूच काढणार ना रे चिठ्ठी?"

"ताई, ते नियमाने निघतं."

"नियम मला नको सांगू. तूच मागे म्हणाला होतास, हळू दिलेलं बरं म्हणून. म्हणाला होतास की नाही?"

म्हणाले होते. घरच्या घरी, जेवताना, फुशारकीने म्हणाले होते.

"बाराशे ग्रॅमचं पोर आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि मामांनी तो आयुष्यात दुसऱ्यांदा कापताना ऐकला. "तुझ्या हातात असून तू काही करणार नसशील, तर काय उपयोग तुझा?"

उपयोग नाही हे मामा स्वतः रोज सांगत, पण ताईच्या तोंडून ते फारच खरं वाटलं.

खोलीत आले. दार लावून घेतलं. कोपऱ्यात एक्स-रे बघायची जुनी दिव्याची पेटी भिंतीला टांगलेली होती. ती त्यांनी लावली आणि ओळीतलं पुढचं पाकीट, त्रेसष्ट नंबरचं, तिच्या चिमट्यात अडकवलं, फुप्फुसाचा फोटो अडकवतात तसं. पाकीट जाड, खाकी. मामांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. आत एक लांबट सावली दिसली. 'हळू' हा आखूड शब्द, 'लवकर' लांब. म्हणजे 'लवकर'च! बावीस वर्षं बाटल्यांवरचे मुंगीएवढे आकडे वाचणाऱ्याला एवढंही कळणार नाही?

त्रेसष्ट त्यांनी परत आत सरकवलं आणि चौसष्ट काढलं. इतक्यात वॉर्डातून फोन वाजला. या गडबडीत चौसष्ट दिव्यासमोर धरायचं राहूनच गेलं. कानाला फोन लावून मामांनी पाकीट फाडलं.

'लवकर.'

"मामा, बोला ना," पलीकडून धाकटी सिस्टर म्हणाली; चावीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"लवकर," मामा म्हणाले.

"सर्दी झालीय का?"

चावी त्यांनी नंतर मोठ्या सिस्टरकडे दिली खरी, पण दुपारी डबा उघडला आणि घास तोंडातच फिरायला लागला. उद्या कुणीतरी कपाट उघडणार आणि चौसष्टच्या आधी त्रेसष्ट बंदच दिसणार. पकडले जाऊ म्हणून घास अडला की केलं ते वाईट म्हणून, हे मामांना आजही सांगता येत नाही. "दोन्ही असेल," ते म्हणतात, "पण पहिलं जरा जास्त." डबा तसाच झाकून ते मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोठ्या सिस्टरला बोलावलं, दोघींच्या सह्यांनी त्रेसष्ट बाद केलं, आणि नोंदीसाठी ते फाडलं.

आत 'हळू' होतं. लांबट सावली होती ती चिठ्ठीच्या मागे मारलेल्या शिक्क्याची.

मामा खुर्चीवर बसले, कुणी बसा म्हटलं नव्हतं तरी. सरळ मार्गाने गेले असते तर हवं ते आपसूक पदरात पडत होतं. लबाडी करून, दिवा लावून, चष्मा काढून-घालून, त्यांनी नको ते स्वतःच्या हाताने ओढून घेतलं होतं.

चुकीच्या नोंदीचा फॉर्म त्यांनाच भरायचा होता. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'कर्मचाऱ्याचा अतिशहाणपणा.'

"मामा, इथे काय घडलं तेवढंच लिहायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

"तेवढंच घडलंय, मॅडम."

"आता वर जा," मॅडम म्हणाल्या, "आणि भाचीला स्वतः सांगा. अभ्यासात राहायचं की नाही, ते ती ठरवेल. तोवर दूध वॉर्डचे डॉक्टर बघतील."

मामा जिन्याने गेले. लिफ्टवाल्याने "या मामा" म्हटलं असतं, ते ऐकायची हिंमत नव्हती.

भाची पलंगावर टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, सही करताना मला भीती वाटत होती. पण मला एकच गोष्ट पटली होती, की कुठलं बरं ते कुणालाच माहीत नाही. म्हणून केली सही. आणि तुम्ही खाली दिवा लावून बसला होतात?"

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"माझ्या मुलीच्या बाबतीत तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत," ती म्हणाली. तिने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "मॅडमना सांगा, आम्ही राहतो. डॉक्टर रोज तपासणारच आहेत. पण तुम्ही दाराच्या आत यायचं नाही."

पाचव्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. दूध थांबवलं, फोटो काढायला मशीन आणलं. मामा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. शेजारी ताई येऊन बसली. सिस्टर जाता-येता काहीतरी म्हणाली, लिफ्टवाल्याने पाणी आणून दिलं, पण त्या दिवशी मामांनी स्वतःची एकदाही थट्टा केली नाही. त्यांना त्रेसष्ट आठवत होतं. ते नुसतं काढलं असतं तर आज हे पोट फुगलं असतं का? फुगलंही असतं. नसतंही. हे सांगणारा माणूस जगात कुठेही नव्हता, आणि मामांना हे पहिल्यांदाच नीट कळत होतं.

चार वाजता भाची बाहेर आली. "फोटो चांगला आहे. नुसती हवा होती. आतडी ठीक आहेत. आत्ता परत दूध सुरू करतायत."

"हळू ना?" ताईने विचारलं.

"ठरलंय तसंच, आई."

ताई मामांकडे वळली. "तू सांग ना रे तिला."

"मला नाही माहीत, ताई."

"इतकी वर्षं दुधाच्या चिठ्ठ्या वाचतोयस, आणि माहीत नाही?"

"वाचणं आणि माहीत असणं यात फरक असतो. मलाही परवापर्यंत वाटत होतं की नसतो."

भाचीने दोघांकडे बघितलं, आत गेली, आणि जाताना तिने काचेवरचा पडदा एका बाजूला सारला. दार काही उघडलं नाही.

पडद्याच्या फटीतून बाळाची काचेची पेटी दिसत होती. पेटीत टोपडं होतं, आणि टोपड्याखाली, नीट बघितलं तर, माणूस होतं. भाचीने दुधाची सिरिंज नळीला जोडून वर धरली. ढकलायचं नसतं, दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं असतं. काचेच्या अलीकडे बहीण-भाऊ एकमेकांना खेटून उभे राहिले. दुधाची पातळी एका रेघेवरून पुढच्या रेघेवर यायला फारच वेळ घेत होती. मधेच ती थबकली. मग पुन्हा हलली.

"श्वास घे रे," ताई म्हणाली.