गोजरबाई सतन्याला उतरली

गोजरबाई तळेघरच्या वरच्या वाडीतली. शहर म्हणून तिने पाहिलं होतं ते फक्त मंचर. मूल झालं नाही, म्हणून नवरा बहिरू तिला चारचौघांत 'वांझ म्हस' म्हणायचा आणि चारचौघे हसायचे. १९९६ साली गावची मंडळी काशीला निघाली. जोडीशिवाय पूजा होत नाही, एवढ्यासाठीच त्याने तिला बरोबर घेतलं.

मध्य प्रदेशात सतन्याला आगगाडी थांबली ती हलेचना. पुढे रुळांचं काही काम निघालं होतं. उकाड्याने सगळे हैराण. गोजरबाई खिडकीतून स्टेशनाबाहेरचा रस्ता बघत होती.

"भाऊ, जरा गाव बघून येऊ का?" तिने यात्रा काढणाऱ्या गेणभाऊला विचारलं.

"जा की वैनी. तुला टाकून जाती व्हय गाडी? डायवरला सांगतो, आमची गोजर आल्याबिगर हलायचं न्हाई."

डबा हसला. बहिरूही हसला. तिला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तळेघरची मुक्कामाची एसटी अशीच सुटायची. ड्रायव्हर गावातच जेवायचा, सकाळी हॉर्न द्यायचा, आणि उतारावरून कुणी "आले वं!" म्हणून ओरडलं की थांबायचा. त्याच्यासाठी तिनेच कितीदा भाकरी थापली होती.

ती निवांत फिरली. सायकलरिक्षा पाहिल्या, जिलब्या तळताना पाहिल्या. एक कारागीर तापलेल्या लाखेची बांगडी वळत होता, तिथे ती उभीच राहिली. गाडीची शिट्टी झाली. हा पहिला हॉर्न, असं धरून तिने बांगडीची टोकं जुळेपर्यंत पाहिलं आणि मग निघाली.

फलाटावर पोचली तेव्हा गाडी चालू लागली होती. "आले वं!" ती हात वर करून ओरडली. खिडकीतून गेणभाऊ ओरडला, "पळ वैनी, पळ! डायवर रुसलाय!" बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी म्हणालं, साखळी ओढा.

"दंड कोन भरल, तू?" दारातला बहिरू म्हणाला आणि आत जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर पुन्हा सतना लागलं. कुणी उतरलं नाही.

गावाला काय सांगायचं, ते गेणभाऊने ठरवलं. "गंगंत पाय घसरला म्हनायचं. काशीत मरान म्हंजी नशीबच." बहिरूने तिचा दहावा घातला. काशीहून आल्यावर मावंद्याचं जेवण घालावं लागतं, त्या पूजेला शेजारी बाई हवी. म्हणून मावंद्याआधी झुंबरबाई घरात आली.

इकडे गोजरबाई सतन्यातल्या एका खानावळीत भांडी घासत होती. तळेघर काय नि मंचर काय, तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी कांद्याच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर बोलता बोलता 'मंचर' म्हणाला, तशी तिने त्याचे पाय धरले. त्याने तिला आणून सोडलं.

ती घरी पोचली तेव्हा अंगणात गाव जमला. ती जिवंत, तर यात्रेला गेलेले सगळेच खोटे.

"काशीत मेलेलं मानूस माघारी येत न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "ही कोन भुताळी?"

"आवं, मी गोजर!" ती बहिरूकडे वळली. "तुमी तरी सांगा की."

बहिरूने तिच्याकडे नीट पाहिलं. उंबऱ्यात झुंबरबाई पोटावर हात ठेवून उभी होती.

"न्हाई," तो म्हणाला. "माझी बाई गंगंत गेली."

पहिलं ढेकूळ गेणभाऊच्या बायकोने मारलं.

तेव्हापासून गोजरबाई मंचरला आमच्या घरामागच्या वखारीत कांदा निवडते. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं. २००४ साली बहिरू गेल्याचा निरोप तळेघरहून आला. वखारीतल्या बाया रडायला तिच्याभोवती बसल्या. एकीने तिचं कुंकू पुसायला हात पुढे केला. गोजरबाईने तो झटकला.

"माझा दहावा घातलाय त्यानं. मेलेल्या बाईला कसलं रांडपन?"

बाया उठल्या. "निर्लज्ज," म्हणाल्या. त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. तिने आपलं गोणपाट उन्हात ओढलं आणि कुजके कांदे वेगळे काढू लागली.