सहदेवचा पाय

गाडी आपोआप पळते का, हा प्रश्न सहदेवने मला तीन वर्षांत किती वेळा विचारला, त्याला गणती नाही. घाटकोपरला माझं गॅरेज. विक्रोळीची त्याची कंपनी सुटली की हा चालत यायचा, जुन्या टायरवर बूड टेकवायचा आणि सुरू. "जयवंत, केबल अडकली तर?"

मी कधी नीट सांगायचो, कधी खेकसायचो. अॅक्सिलरेटरची केबल गंजून अडकते. कार्बोरेटरची स्प्रिंग तुटली तर पाय उचलला तरी इंजिनचा वेग उतरत नाही. पायाखालचं मॅट सरकून पेडलवर चढतं. "आणखी?" तो विचारायचा. आणखी म्हणजे, घाबरलेला माणूस ब्रेक समजून अॅक्सिलरेटरच दाबतो. हे मात्र मी त्याला सांगत नसे, कारण बाकी सगळी दुनिया त्याला तेच ऐकवत होती.

झालं होतं ते ब्याऐंशीच्या दसऱ्याला. सहदेव कंपनीत साहेबांचा ड्रायव्हर, अठरा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. गेटवरचा वॉचमन गुणाजी त्याचा जिवलग. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. गेटाशी गाडीची पूजा झाली, नारळ फुटला. गुणाजीने पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि समोर उभा राहून "ये, ये" म्हणत हात हलवू लागला. लिंबं चिरडून गाडीने दोन हातांवर थांबायचं, एवढंच. ती थांबली नाही. इंजिन किंचाळलं आणि गाडीने गुणाजीला गेटाच्या खांबावर दाबलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

कंपनीने गाडी तपासली. ब्रेक ठीक, पेडल मोकळं. म्हणजे ड्रायव्हरचाच पाय चुकला, असा निकाल लागला. "मी ब्रेकवर उभा होतो हो," असं सहदेव सांगत राहिला. साहेबांनी नोकरी ठेवली, पण चावी काढून घेतली आणि त्याला स्टोअरमध्ये खोकी उचलायला पाठवलं. ड्रायव्हरांच्या बाकावर तो बसला की बाकी जण एकेक करून उठायचे. चाळीतली पोरं त्याला बघून भुर्रर्र करायची. बायको रत्नप्रभा आधीच वारलेली, मूलबाळ नाही. तो हॉस्पिटलात गेला, तर गुणाजीच्या मुलीने, शुभाने, त्याला दारातूनच परतवलं. "पुन्हा तोंड दाखवू नका काका." हा खरंच पुन्हा गेला नाही. गुणाजीच्याही मनात तेच असणार, असं त्याने धरून टाकलं. इतका एकटा पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगतो, रोज त्याच्याशी बोलणारा मीसुद्धा मनातून त्याचा पाय चुकला असंच समजत होतो.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात कंपनीने ती गाडी विकली. नव्या मालकाने कार्बोरेटर साफ करायला नेमकी माझ्याकडे आणली. नंबर बघून मी गाडी ओळखली. खोलून बघतो तर स्प्रिंगच्या मागे, आतली झडप उघडणाऱ्या दांड्याभोवती एक दोरा करकचून गुंडाळलेला. तेलाने काळा, कडक, आणि त्यात झेंडूचे दोन वाळके देठ. हाराचा दोरा! तो ओढला गेला, झडप उघडी राहिली आणि इंजिन सुटलं. धडकेच्या हिसक्याने दोरा तुटला असणार, म्हणून तपासणीत पेडल मोकळं लागलं. आमच्या लोकांना अक्कल नाही, हे मी अजून सांगतो. रेडिएटरला हार घाला, पण चालत्या इंजिनावर कुठे घालता?

सहदेव आला तसा मी ओरडलोच, "सुटलास, लेका!"

त्याने दोरा हातात घेतला आणि दोन्ही देठ बोटांनी चाचपले.

"बाहेरचा हार मी घातला होता," शेवटी तो म्हणाला. "आतला, इंजिनावरचा, गुणाजीने. म्हणाला, धावता ता इंजिन, आणि हार पत्र्याक?"

"मग?"

"मग काय? स्वतःच्या हाताने स्वतःचा पाय घालवलास, असं त्याला सांगू?"

माझं डोकं फिरलं. "आणि तू जन्मभर खोकी उचल! रविवारी मुलुंडला गुणाजीकडे जायचं. तू नाही बोललास तर मी बोलेन."

रविवारी गेलो. शुभाने दार उघडलं, तोंड फिरवूनच पाणी दिलं. गुणाजी खाटेवर बसला होता. सहदेवला बघताच त्याने त्याचं मनगटच धरलं. "इतकी वर्सां खंय होतस रे?" मग कोण रिटायर झालं, गेटवर आता कोण आहे, असं बोलणं निघालं. सहदेवचा चेहरा मी तीन वर्षांत पहिल्यांदा सैल झालेला बघितला. आणि मग गुणाजीने आपणहूनच विचारलं, "त्या दिवशी नेमका काय झाला रे, सहदेवा?"

मी सहदेवला कोपराने ढोसलं. सहदेव गुणाजीच्या लेंग्याच्या दुमडलेल्या टोकाकडे बघत होता.

"पाय चुकला रे," तो म्हणाला. "ब्रेक समजून दुसरंच दाबलं."

गुणाजीने मनगट सोडलं.

"तीन वर्सां ह्या पोरीक सांगतंय," तो म्हणाला, "सगळ्यांशी भांडलंय, सहदेवाचो पाय चुकूचो नाय. आणि तूच सांगतस, चुकलो म्हणान?"

"मी म्हटलं नव्हतं, आबा?" शुभा म्हणाली.

मी तोंड उघडलं, तर सहदेवने माझा दंड असा आवळला की मी गप्प बसलो. गुणाजी भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. शुभा दार उघडून उभी राहिली, तेव्हा आम्ही उठलो.

स्टॉपवर दोन बस गेल्या, सहदेव चढला नाही. मी चिडून काहीबाही बोलत होतो. तो ऐकत नव्हता.

"एक माणूस होता माझ्या बाजूने, जयवंत," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."