पूल आला, बाबा

चीन आणि जपानच्या भांडणाचा अभ्यास करण्यात बिंगजुंग को यांची हयात गेली. चिनी म्हणायचे, हा जपान्यांचा. जपानी म्हणायचे, हा चिन्यांचा. लग्न राहूनच गेलं.

वडील गेल्यावर गावी, मादौच्या घरी, त्यांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावायला आत्या तेवढी उरली होती. आता तीही लेकीकडे निघाली. म्हणून बिंगजुंगनी ठरवलं, वडिलांना आपल्याकडे तैपेईला न्यायचं. पण त्यांचा कौल हवा. बांबूच्या मुळाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला की होकार.

त्यांनी पपनसं मांडली, विचारलं. दोन्ही पालथे. पुन्हा विचारलं. पुन्हा पालथे.

"अरे प्राध्यापका, ही तुझी शाळेतली चिनी दादाला कधी कळली होती?" आत्या खेकसली. "आपली बोली तर तू मास्तरांचा मार खाऊन विसरलास. दादा जपान्यांच्या राज्यात, त्यांच्याच शाळेत शिकला. जपानीत विचार की!"

जपानीत बिंगजुंगनी भरसभेत भाषणं ठोकली होती. बापाशी मात्र एक वाक्य नाही. चुकलो तर हसतील, ही भीती.

त्यांनी हळूच जपानीत विचारलं. तुकडे पडले, दोन्ही उताणे.

"दोन्ही उताणे म्हणजे हसतोय बघ! सभा आहे का ही? घरच्यासारखं बोल."

घरच्यासारखं म्हणजे कसं, हे त्यांना आठवेना. मग गुडघा दुखतो ते सांगितलं. रात्री ओट्याशी उभ्यानंच शेवया खातो, तेही सांगितलं. "बाबा, एकटाच असतो मी. याल का?"

एक पालथा, एक उताणा.

"निघाला एकदाचा!" म्हणत आत्यानं डोळ्याला बाहीचा काठ लावला.

गाडीत वडिलांपुढल्या उदबत्तीची राख लाल फडक्यात बांधून मांडीवर घेतली; तिच्यासोबतच ते येणार होते. गेलेल्या माणसाला वाटेतला प्रत्येक पूल सांगावा लागतो, नाहीतर ते नदीपाशीच अडकतं.

"बाबा, पूल आला. सोबत या."

शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. बिंगजुंग सांगत राहिले. शेवटचा पूल सरला, गाडी बोगद्यात शिरली. आता सांगायची गरज नव्हती. पण सवय लागलेली जीभ थांबेना.

"बाबा, स्टेशन आलं. बाबा, आता जिना. दमानं."

दारापाशी त्यांनी किल्ली काढली.

"अंधार आहे, बाबा. दिवा लावायला घरात कुणी नसतं. थांबा, मी लावतो."