तीन उपरण्यांचा महिपत

महिपत घवाळी माझा चुलत भाऊ. आमची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त एक दगडी गडगा. त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगतो ते ऐकीव नाही, बघितलेलं आहे.

मुंबईत तो एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता. कंपनी बंद झाली तसा बायकोमुलांना घेऊन गावी आला. शेती त्याला जमली नाही, पण आवाज होता. शिमग्यात नमनाच्या खेळात संकासुराचं सोंग नाचवायचा तर पलीकडच्या वाडीतली माणसं उठून यायची. बोलायला लागला की समोरच्याला वाटायचं, हा आपल्याच मनातलं बोलतोय. हे देणं त्याला होतं, ते मी नाकारत नाही.

आमचं गाव संगमेश्वरच्या अलीकडे, हायवेला लागून. वर आम्हा कुणब्यांची वाडी, खाली खाडीच्या अंगाला मोहल्ला. रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा ठेकेदाराने डोंगर कापून निघालेली सगळी माती आमच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, ओतली. पावसाळ्यात वहाळ तुंबला. वरची लावणी कुजली आणि खाली मोहल्ल्यातल्या घरांत चिखल शिरला. तक्रारी करून झाल्या, कोणी बघायला आलं नाही. तेव्हा महिपत रस्त्यावर डंपरसमोर जाऊन बसला. त्याच्या शेजारी बसला तो मुसा.

मुसा मोहल्ल्यातला. वीस-बावीस वर्षं सौदीत दम्मामला ड्रायव्हर होता, परत येऊन त्याने एक जीप घेतली होती. दोघांना पोलिसांनी उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. त्या दिवशी मुसाची आई, कुलसुमचाची, पोलीस ठाण्याच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या मुळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. हवालदाराला ती म्हणाली, "दोघांना सारखं वाढा. एक माझा, एक हौसाचा." हौसा म्हणजे महिपतची आई, माझी काकी.

ठेकेदाराला माती उचलावी लागली आणि महिपत पुढारी झाला.

पुढच्याच निवडणुकीत होडी निशाणीवाल्या पक्षाने त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं. गाडी मुसाची, ड्रायव्हर मुसा, दुपारचं जेवण कुलसुमचाचीकडे. आमच्या वाडीची मतं तीन जागी फुटली, मोहल्ल्याचं एक मत फुटलं नाही. महिपत निवडून आला तो त्यांच्या मतांवर. गळ्यातलं होडीचं उपरणं त्याने चाचीच्या पायांवर ठेवलं आणि खरोखर रडला. तेव्हा मीही डोळे पुसले होते.

अडीच वर्षांनी परिषदेत नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली, आणि महिपत एकाएकी दिसेनासा झाला. फोन बंद. त्याची बायको तुळसा सांगायची, "देवदर्शनाला गेलेत." मग मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. गोव्यातलं हॉटेल, निळं पाणी, आणि त्यात छातीपर्यंत उभे आमचे सन्माननीय सदस्य. महिपतच्या हातात नारळ होता, नारळात नळी. परत आला तो छत्रीवाल्या पक्षाचं उपरणं घालून.

"माणसाने विकासाबरोबर राहावं," तो आम्हाला म्हणाला. वर्षभरात त्याच्या दारात दोन डंपर आले. काचेवर लिहिलं होतं, 'हौसाआईची कृपा'. ते डंपर त्याच ठेकेदाराकडे लागले, ज्याच्या डंपरसमोर हा बसला होता. काकीला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय म्हणून तिने मला विचारलं. मी सांगितलं तशी ती आत निघून गेली.

मी मुसाला म्हटलं, "आता तरी त्याची गाडी चालवणं सोड."

"पक्ष बदललान, माणूस तोच हाय," मुसा म्हणाला. "मोहल्ल्याची पाण्याची टाकी त्यानेच केलीन ना?"

टाकी केली होती, हे खरं.

पुढे परिषदेची मुदत संपली आणि निवडणुका काही होईनात. कारभार अधिकाऱ्यांच्या हातात गेला. महिपतचा फोन वाजेनासा झाला, लग्नात त्याला पुढची खुर्ची मिळेनाशी झाली. ते त्याला सोसलं नाही. त्या काळात शिडीवाल्या पक्षाची हवा होती. सावर्ड्याला त्यांची मोठी सभा लागली, आणि महिपतचा प्रवेश त्याच सभेत ठरला. वाडीतून टेम्पो भरून माणसं नेली, त्यात मीही होतो.

व्यासपीठावर महिपतच्या गळ्यात तिसरं उपरणं पडलं. नंतर बाहेरून आलेला एक वक्ता उभा राहिला. घाटावरचा असावा, बोलण्यावरून कोकणातला वाटत नव्हता. तो सांगत होता की बाजारात मासळी घेताना विकणाऱ्याचं नाव विचारा. नाव पटलं नाही तर पुढे चला. घर भाड्याने देताना, गाडी ठरवताना, तेच करा. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. मी महिपतकडे बघत होतो. आधी तो खाली मान घालून बसला होता. शेजारच्याने त्याच्याकडे वळून बघितलं, तसा तो टाळ्या वाजवायला लागला. मग थांबेचना. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालू होत्या.

मुसाचा मुलगा अद्नान तेव्हा संगमेश्वरच्या बाजारात मासळी विकायचा. त्या आठवड्यापासून त्याच्या पाटीसमोरची गर्दी हटली. ओळखीची गिऱ्हाईकं मान वळवून पुढे जायची. सुरमई संध्याकाळी तशीच घरी यायची. मुसा एक दिवस सरळ महिपतच्या घरी आला. मी ओटीवरच होतो.

"तुझ्यासमोर तो माणूस बोल्ला, आणि तू टाळ्या वाजवल्यास," मुसा म्हणाला.

महिपतने त्याचा हात धरला. "अरे, ते भाषण. भाषणातलं मनाला लावून घ्यायचं नसतं. पक्षात राहायचं तर हात हलवावे लागतात. आतून मी तुझाच हाय."

"आतल्या महिपतचा मला काय उपयोग? बाजारात तर बाहेरचाच फिरतो."

मुसाने हात सोडवून घेतला. चहा आला होता, तो तसाच ठेवून तो गेला. आणि महिपत माझ्याकडे वळून काय म्हणाला असेल? "ही माणसं लगेच भावनिक होतात." मला त्याच्या शेजारी बसवेना. मी उठलो.

त्याच वर्षी पावसाळ्यात कुलसुमचाची गेली. मयतीला आमची अर्धी वाडी खाली उतरली, महिपत आला नाही. पक्षाची बैठक होती म्हणे. तो आला तिसऱ्या दिवशी. मी मुसाच्या पडवीत बसलो होतो, तिथून रस्ता दिसतो. मोहल्ल्याच्या वळणावर त्याची गाडी थांबली. खाली उतरून त्याने गळ्यातलं शिडीचं उपरणं काढलं, चारही बाजूंना बघत नीट घडी केली आणि पँटच्या खिशात घातलं. मग चेहरा पाडून चालत आला. आत येताच मुसाला मिठी मारली, "माझी आई गेली रे" म्हणून हुंदका दिला. खिशातून उपरण्याचं टोक बाहेर लोंबत होतं. ते मुसाला दिसलं, अद्नानला दिसलं, भिंतीला टेकून बसलेल्या बायकांनाही दिसलं. फक्त त्याला ठाऊक नव्हतं.

मुसाने त्याला पाणी दिलं. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, ते त्याने केलं. महिपत निघाला तसा मुसा शांतपणे म्हणाला, "महिपत, यापुढे या घरात येऊ नको."

वळणावर पोचल्यावर महिपतने खिशातून उपरणं काढून पुन्हा गळ्यात घातलं. हाच माणूस या घरात भाकऱ्या खायचा, चाचीच्या पाया पडून रडायचा. ते रडणंही तेव्हा असंच खिशातून काढलेलं होतं की काय, हे मला आता सांगता येत नाही. त्याची हीच चीड येते. त्याने मागचंही सगळं नासवलं.

शेवटी एकदाची निवडणूक लागली. शिडीवाल्यांनी तिकीट दिलं रितेश नावाच्या तिशीतल्या ठेकेदाराला. महिपत दोन दिवस घरात पडून होता. मला वाटलं, संपलं एकदाचं. तिसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी त्याला वाजतगाजत परत घेतलं. त्यांना उमेदवार मिळत नव्हता, याला निशाणी मिळत नव्हती. 'स्वगृही परत' असा फलक लागला. कोणाला लाज वाटली नाही. प्रचारात त्याने त्या घाटावरच्या वक्त्याला शिव्या दिल्या, बंधुभावावर बोलला, आणि बोलताना आवाज भरून आला.

मोहल्ल्याने दार उघडलं नाही. पण आमच्या वाडीने या वेळी एकगठ्ठा मतं दिली. "आपला माणूस हाय, कामाला येतो," वाडीतला काशीराम मला म्हणाला. सावर्ड्याच्या सभेला माझ्या शेजारी बसून शिट्ट्या मारणारा हाच. महिपत निवडून आला, आता सभापती आहे. अद्नानने संगमेश्वरचा बाजार सोडला, तो पालीला बसतो. रोज पहाटे तिथवर माल नेतो. मुसा वाडीत येत नाही. मी खाली जातो, तो चहा पाजतो, पण पूर्वीसारखा बोलत नाही. मी वाडीतला आहे.

गेल्या महिन्यात अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली. माझी सून दीपाली दहावी झालेली. मी तिला सांगितलं, अर्ज कर, पण महिपतकडे शब्द टाकायला जाऊ नको. तिने ऐकून घेतलं, आणि तरी गेलीच. काम झालं. संध्याकाळी तिने पेढे आणले, आणि सगळ्यात आधी माझ्यासमोर धरले.

"सभापतीकाकांनी फोन केला म्हणून झालं, मामा," ती म्हणाली. "घ्या ना."

"मला नको."

"मग काय करायचं होतं मी?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

पेढा मी घेतला नाही. तिने तो पुन्हा खोक्यात ठेवला आणि खोका घेऊन शेजारी वाटायला गेली.